गोल फिरतंय, पुढं सरकत नाही

हा भाग ज्यांनी व्हिडिओ म्हणून पाहिला त्यांना आठवत असेल, मी बोलत असताना मागे कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या. त्या इथं छापता येत नाहीत. बाकी मजकूर तोच आहे. बोलताना घाईत दोन-तीन गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या पुस्तकासाठी नीट घातल्यात.

मी बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो. या नावाचा एक त्रास आहे. गावाकडच्या नातेवाइकांना वाटतं की इथं राहणारा प्रत्येक माणूस कंप्युटर दुरुस्त करतो. १९७८ साली केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीनं कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुर या दोन गावांतल्या ३३२ एकर जागेवर ही वसाहत उभी केली. आर. के. बाळिगा तेव्हा कंपनीचे प्रमुख होते, आणि कल्पनाही त्यांचीच. आज इथं ऑफिसं आहेत, पीजी आहेत, आणि पीजीतल्या पोरांना जेवू घालणाऱ्या खानावळी आहेत. दुरुस्तीची दुकानं त्या मानानं कमीच. माझ्या बाबतीत मात्र नातेवाइकांचा अंदाज बरोबर निघाला, कारण माझी नोकरी सपोर्टचीच आहे.

तर एका रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या खानावळीच्या काकू दारात आल्या. काकू निपाणीच्या. सोबत एक मुलगी, उदगीरची, पीजीत राहते, एम.टेक.चं शेवटचं वर्ष. हातात लॅपटॉप, आणि चेहरा असा की रडून झालंय किंवा आता रडणार.

"दादा, सकाळपासून नुसतं गोल फिरतंय. उद्या अकराच्या आत रिपोर्ट पाठवायचाय."

रिपोर्टची दुसरी प्रत नव्हती. पेन ड्राइव्हवर होती ती दीड महिन्यापूर्वीची. दुपारी ती एका दुकानात जाऊन आली होती. दुकानदारानं स्क्रीनकडं पाहिलं आणि सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल, आठशे रुपये, डेटा जाईल. ती म्हणाली विचार करून सांगते, आणि काकूंकडं येऊन बसली. त्या वेळी ती 'हो' म्हणाली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

कारण मी म्हणालो होतो. २००३ साली, मिरजेला, मामाच्या घरी. विंडोज ९८ चं मशीन, सुरू करताना ते ढगांचं चित्र यायचं ना, तिथंच अडकलेलं. मी कॉलेजात नुकताच कंप्युटर शिकत होतो, म्हणजे घरातला तज्ज्ञ मीच. तासाभरात फॉरमॅट करून विंडोज परत घातलं आणि मशीन कसं पळतंय ते सगळ्यांना दाखवलं. मामानं शांतपणे विचारलं, आबांची भजनं कुठं आहेत? आबा, म्हणजे माझे आजोबा, आदल्या वर्षी गेले होते. त्यांच्या दोन कॅसेट मामानं त्या कंप्युटरवर भरून घेतल्या होत्या, आणि कॅसेट पावसाळ्यात बुरशी लागून गेल्या होत्या. मामा मला काही बोलला नाही. ते मशीन सुरू होताना एफ ८ हे बटण दाबलं असतं तर सेफ मोड नावाचा पर्याय आला असता आणि फाइली तरी बाहेर काढता आल्या असत्या. हे मला सहा महिन्यांनी कळलं.

म्हणून आता कुणाचं मशीन अडकलं की मी आधी दुरुस्तीचं बघत नाही. एवढंच विचारतो: ते नक्की कुठं थांबतं?

हा प्रश्न का, ते समजायला कंप्युटर सुरू कसा होतो ते बघू. याला इंग्रजीत बूट होणं म्हणतात. लांब बुटाला मागे एक पट्टी असते, पाय आत घालताना ओढायला. त्याच पट्टीला धरून स्वतःला वर उचलायचं, अशी ती मूळ गंमत आहे. आपल्याकडं स्वतःच्याच खांद्यावर चढून बसणं म्हणावं तसं. कंप्युटरपुढं अडचण तीच आहे. डिस्क वाचायची तर त्यासाठी प्रोग्रॅम लागतो, आणि तो प्रोग्रॅम डिस्कवर पडलेला आहे. मग सुरुवात कुठून करायची? तर मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, तिच्यातल्या सूचना वीज गेली तरी टिकतात. बटण दाबलं की प्रोसेसर पहिल्यांदा त्या चिपकडं जातो. जुन्या मशीनमध्ये त्या सूचनांना बायॉस म्हणायचे, नव्यात यूईएफआय असतं. लोक दोन्हीला बायॉसच म्हणतात, आपणही म्हणू.

मी हे नेहमी नाटकाच्या घंटांनी सांगतो. नाट्यगृहात तीन घंटा होतात आणि मग पडदा उघडतो. पहिल्या घंटेला बायॉस बघतो की मंडळी आली का: मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क दिसते का. दुसऱ्या घंटेला तो डिस्कवरच्या एका छोट्या प्रोग्रॅमला हाक मारतो, ज्याचं काम फक्त विंडोजला उठवणं. तिसऱ्या घंटेला विंडोजचा गाभा मेमरीत येतो आणि आपल्याबरोबर ड्रायव्हर घेऊन येतो. ड्रायव्हर म्हणजे एकेका भागाशी बोलणारे दुभाषे: डिस्कचा, स्क्रीनचा, वायफायचा. मग पडदा, म्हणजे आपलं नाव आणि पासवर्डची चौकट. अडकलेला कंप्युटर यातल्या कुठल्यातरी एका घंटेला अडकलेला असतो. ती घंटा कळली की निम्मं काम झालं, कारण उरलेल्या दोन्हींच्या वाटेला जायची गरज राहत नाही.

पहिल्या घंटेच्या आधीच सगळं शांत असेल, दिवा नाही, पंखा नाही, तर विंडोजचा विचारही करू नका. प्लग, चार्जर, वायर. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून परत बघा. आत साठून राहिलेल्या विजेमुळं गोंधळ झाला असेल तर एवढ्यानं सुटतो. डेस्कटॉपचा पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी आणि आतून शिट्ट्या येतायत, तर बहुतेक वेळा मेमरीची पट्टी सैल झालेली असते. वीज बंद करून, वायर उपसून, पट्टी काढायची, सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं पुसायची, परत बसवायची. कोकणातल्या दमट हवेत आणि मराठवाड्यातल्या धुळीत हा उपाय मी इतक्या वेळा केलाय की माझ्या बॅगेत खोडरबर कायम असतो.

जुन्या मशीनचं घड्याळ दरवेळी काही वर्षं मागं जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की बायॉस आपल्या नोंदी विसरतो, आणि काही वेळा डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं हेही विसरतो. मग विंडोज धडधाकट असूनही उठत नाही.

दुसऱ्या घंटेची खूण म्हणजे काळ्या स्क्रीनवर 'बूटेबल डिव्हाइस' सापडत नाही अशा अर्थाची ओळ. आधी मागे-पुढे बघा, एखादा पेन ड्राइव्ह लावून ठेवलाय का. हसू नका, मी स्वतः चाळीस मिनिटं डोकं फोडून शेवटी पेन ड्राइव्ह उपसलेला आहे. तो नसेल तर बायॉसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का बघायचं. दिसत नसेल आणि आतून टक-टक आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद. त्या आवाजाच्या डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. आतलं महत्त्वाचं असेल तर डेटा काढून देणाऱ्या माणसाकडं न्यावी. त्याचे पैसे जास्त होतात, हे आधीच सांगतो.

आता तिसरी घंटा. कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरतात, आणि फिरतच राहतात. उदगीरच्या मुलीचं मशीन इथं होतं.

म्हणजे बायॉस ठीक, डिस्क दिसतेय, विंडोजचा गाभा उठतोय, आणि त्याच्याबरोबर येणारा कुणीतरी दारात आडवा पडलाय. कोण, ते शोधायचं. हे नीट कळावं म्हणून मी तिला त्या संध्याकाळी एक गोष्ट सांगितली, तीच तुम्हाला सांगतो. लॅपटॉप अर्धा तास तसाच ठेवायचा होता, वेळ होताच.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कुठल्याही सपोर्टवाल्याला ही तारीख विचारा. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन कंपनी मोठमोठ्या संस्थांच्या मशीनवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्यांनी एक छोटी फाइल जगभर पाठवली. तिच्या नावात २९१ हा आकडा होता. पहारेकऱ्याला नवा चोर कसा ओळखायचा ते सांगणारी फाइल, रोजच्यासारखीच. पण तिच्यातल्या नव्या नियमाला २१ रकान्यांतली माहिती हवी होती आणि वाचणारा प्रोग्रॅम २०च रकाने पुरवत होता. एकविसावा वाचायला तो मेमरीत नको त्या जागी गेला आणि कोसळला. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तेवढाच बंद पडतो. हा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात बसलेला होता, तो पडला की अख्खी विंडोज पडते. निळी स्क्रीन, परत सुरू, परत तिसरी घंटा, परत तोच पहारेकरी सगळ्यांच्या आधी आत, परत निळी स्क्रीन.

१० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीनं ती फाइल मागं घेतली. ७८ मिनिटं. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख मशीन आडवी झाली होती. जगातल्या विंडोज मशीनच्या एक टक्क्याहूनही कमी, पण ती होती विमानतळांवर, बँकांत, इस्पितळांत. आपल्याकडं विमानाचे बोर्डिंग पास हातानं लिहून दिले, त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. अमेरिकेत डेल्टा कंपनीला पाच दिवसांत सुमारे ७००० उड्डाणं रद्द करावी लागली.

आता मुद्दा बघा. चुकीची फाइल मागं घेतली, चांगली तयार आहे, मग मशीन सुधारली का नाहीत? कारण ती नेटपर्यंत पोचायच्या आत कोसळत होती. लांबून उपाय करायला मशीन जागं तर हवं! शेवटी माणसांनी एकेका मशीनपुढं बसून ते सेफ मोडमध्ये उघडलं, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती २९१ वाली फाइल पुसली आणि मशीन परत सुरू केलं. सेफ मोड म्हणजे अगदी गरजेपुरतेच दुभाषे घेऊन विंडोज उठते, बाकी सगळे बाहेर. क्लाउडवरच्या काही मशीनसाठी मायक्रोसॉफ्टनं परत परत रीस्टार्ट करायला सांगितलं, काहींना तर पंधरा वेळा करावं लागलं. ऐकायला नवसासारखं वाटतं, पण त्यात तर्क होता: एखाद्या वेळी नेट आधी जोडलं गेलं आणि पहारेकरी कोसळायच्या आत चांगली फाइल आली, तर सुटलो.

आणि खूप ठिकाणी सेफ मोडच्या दारातच गाडी अडली. मशीननं ४८ आकडी किल्ली मागितली. डिस्क कुलूपबंद होती, आणि काही कार्यालयांत त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोही निळा पडलेला होता.

एवढं सांगून होईपर्यंत अर्धा तास झाला. ठिपके फिरतच होते. स्क्रीनवर अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर मी दोन तासही थांबतो, चार्जर लावून. मध्येच बंद केलं तर बऱ्याचं वाईट होतं. नुसते ठिपके असतील तर अर्धा तास पुरे. पॉवरचं बटण दाबून धरलं, बंद केलं. परत सुरू, ठिपके आले की परत बंद. विंडोज सलग दोन-तीनदा उठायला चुकली की तिचं तिलाच कळतं आणि ती दुरुस्तीची निळी पाटी समोर आणते. तिथं ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. मी कमांड प्रॉम्प्ट निवडलं आणि मशीननं ४८ आकडी किल्ली मागितली.

मुलगी म्हणाली, "दादा, मी असलं काही लावलंच नाही."

तिचं बरोबर होतं, तिनं नव्हतं लावलं. नव्या लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टचं खातं घालून सुरुवात केली की पुष्कळदा विंडोज स्वतःच डिस्कला कुलूप लावते. चोरीला गेला तर आतलं कुणाला वाचता येऊ नये म्हणून. हेतू चांगला आहे. पण घरमालकाला न सांगता दाराला कुलूप लावणं मला अजून पटलेलं नाही. किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. दुकानदारानं फॉरमॅट मारला असता तर ही किल्ली असूनही काही उरलं नसतं.

तिनं फोनवर आपलं खातं उघडलं. किल्ली नाही. कॉलेजचं खातं उघडलं. नाही. काकू एव्हाना देवाचं नाव घेऊ लागल्या होत्या. मी विचारलं, लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कुणी केला होता? ती थांबली. म्हणाली, दादानं. उदगीरला. त्याच्याच ईमेलनं.

भावाला फोन लावला. तो लग्नाच्या पंगतीत. हात धुऊन बाजूला आला, मी सांगितलं तसं मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरला, उपकरणांच्या यादीत लॅपटॉप सापडला आणि त्याखाली किल्ली. मागं वाजंत्री चालू, आणि तो आकडे सांगतोय: "एकोणसाठ..." मी म्हटलं, "एकोणसाठ की एकोणसत्तर?" तेव्हा मंडळी, असे आकडे फोनवर घेताना एकेक सुटा सांगायला लावा. पाच, नऊ. ही किल्ली सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते, आणि प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो. त्यामुळं एक आकडा चुकला तरी त्या गटातली चूक पकडता येते, सगळे ४८ पुन्हा तपासावे लागत नाहीत. आमचा पाचवा गट दोनदा चुकला.

कुलूप उघडलं. दुरुस्तीला अजून हात लावला नाही. त्या काळ्या चौकटीत नोटपॅड असं टाइप केलं. दुरुस्तीच्या पाटीवरही नोटपॅड उघडतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याच्या फाइल मेन्यूतलं ओपन दाबलं की डिस्क दिसते. खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं, नाहीतर सगळं रिकामं वाटतं. शिवाय इथं सी ड्राइव्हचं नाव कधीकधी डी असतं, घाबरायचं नाही. रिपोर्टच्या फोल्डरवर उजवी क्लिक, कॉपी. पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. तो पेन ड्राइव्ह माझ्या मशीनला लावला, फाइल उघडली, शेवटच्या पानापर्यंत खाली नेऊन तिला दाखवली. तेव्हा कुठं ती खुर्चीवर टेकली. तोवर उभीच होती.

मग निवांत दुरुस्ती. आधी शेवटचं अपडेट काढून पाहिलं. फरक नाही. मग स्टार्टअप सेटिंग्जमधून चार आकडा दाबून सेफ मोड, आणि मशीन मुकाट्यानं उठलं. याचा अर्थ विंडोज निर्दोष, बाहेरून आलेला कुणीतरी दोषी. दोन दिवसांत काय नवीन टाकलंस? आधी म्हणाली काहीच नाही. सगळेच आधी असं म्हणतात. मग आठवलं: मैत्रिणीनं सांगितलं म्हणून एक फुकटचा अँटिव्हायरस. आणि एक पैसे भरून घेतलेला आधीच होता. एका दारावर दोन पहारेकरी, दोघांनाही सगळ्यांच्या आधी आत शिरायचंय. सेफ मोडमध्ये असे प्रोग्रॅम नेहमीच्या रीतीनं निघतीलच असं नाही. बहुतेक कंपन्या काढून टाकण्याचा वेगळा छोटा प्रोग्रॅम देतात. तो मी माझ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हनं आणला. पाच मिनिटं चालला. रीस्टार्ट. चिन्ह, ठिपके, दोन फेऱ्या, आणि तिच्या गावच्या उदयगिरी किल्ल्याचा फोटो असलेली पासवर्डची चौकट.

रिपोर्ट तिनं रात्रीच पाठवून दिला, अकरा वाजायची वाट न बघता. काकूंनी दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या आणि आपल्या मुलाचा मोबाइल चार्ज होत नाही तोही आणून ठेवला.

भावाचा फोन साडेअकराला परत आला. पंगत उठली होती. विचारत होता की किल्लीच्या त्या पानाचा फोटो काढून बहिणीला पाठवू का. मी म्हटलं, फोटो नको, तो ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये पडून राहील. तिला वहीत लिहून घ्यायला सांग. आणि ती वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नको म्हणावं.